ऱ ने चावी दिली: दहावीच्या जादा तासात संकेतलिपी, संभाव्यता आणि एक्सेल शीट

दहावीच्या उन्हाळी जादा तासांमधलं हे प्रकरण आहे. सातारा जिल्ह्यातली तालुक्याच्या गावची मराठी माध्यमाची शाळा, नववी संपवून नुकतीच दहावीत आलेली 36 मुलं, लॅबमध्ये चालू असलेले 12 कॉम्प्युटर म्हणजे एका मशीनवर तिघं, लाइट कधी जाईल त्याचा भरवसा नाही, आणि माझ्या हातात सहा तास. शिकवायचा होता गणित भाग 1 मधला पाचवा धडा, संभाव्यता.

हा धडा मार्कांच्या दृष्टीनं सोपा समजला जातो आणि तिथंच खरी अडचण आहे. मुलं नमुना अवकाश लिहितात, घटना लिहितात, वरचा आकडा खालच्या आकड्यानं भागतात आणि पूर्ण मार्क घेऊन मोकळी होतात. पण पहिल्या दिवशी मी विचारलं की नाणं पाच वेळा टाकलं, पाचही वेळा छापा आला, आता सहाव्यांदा काय येईल, तर निम्म्याहून जास्त हात "काटा" ला वर. म्हणजे सूत्र पाठ झालं होतं पण शक्यता म्हणजे काय ते डोक्यात शिरलं नव्हतं. आणि पुस्तकातली पत्त्यांची उदाहरणं तर आमच्याकडे फारच अवघड जातात कारण बऱ्याच घरांत पत्ते हातात घेऊ देत नाहीत, इस्पिक बदाम चौकट किलवर हे आधी फळ्यावर काढून दाखवावं लागतं, मग कुठं 52 पानांची संभाव्यता.

म्हणून ठरवलं की नाणी फासे नंतर, आधी गुप्त मेसेज. या वयात मुलांना एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचण्यात जेवढा रस असतो तेवढा कशातच नसतो.

मराठीतच करायचं हे पक्कं होतं. इंग्रजीत 26 अक्षरं घेऊन सीझरची सरकपट्टी कुठंही तयार मिळते, प्रत्येक अक्षर तीन घरं पुढं सरकवायचं वगैरे, पण मुलांना इंग्रजी वाक्याचा अंदाज येत नाही, आणि अंदाज बांधता आला नाही तर संभाव्यता शिकवायची कशाच्या जिवावर. भाषेत कशाच्या मागून काय येतं हे ज्याच्या कानात बसलंय तोच मेसेज फोडू शकतो.

पहिला तास जवळजवळ वाया गेला, पण ज्या कारणानं गेला ते सांगण्यासारखं आहे. लॅबमध्ये जुनं एक्सेल होतं. अक्षराचा नंबर काढायला कोड नावाचं फंक्शन आहे, मी मुलांना सांगितलं क टाका, नंबर आला 63. ख टाकला, 63. ग, 63. एक मुलगा म्हणाला "मॅडम, सगळ्यांचा नंबर एकच कसा? मग ओळखायचं कसं?" हा प्रश्न त्यानं सहज विचारला पण संकेतलिपीचा गाभा तोच आहे, दोन अक्षरांना एकच नंबर दिला तर उलटं येता येत नाही. 63 हा खरं तर प्रश्नचिन्हाचा नंबर. त्या फंक्शनला देवनागरी कळतच नाही, म्हणून ते प्रत्येक अक्षराला प्रश्नचिन्ह समजतं. मग पेनड्राइव्हवरून सगळ्या मशीनवर लिबरऑफिस टाकलं, त्यात युनिकोड नावाचं वेगळं फंक्शन आहे, आणि क चा नंबर आला 2325. वर्गात एकदम "आला आला" झालं.

पण तिथंही एक खड्डा होताच. न चा नंबर 2344 आणि प चा 2346, मध्ये 2345 वर खाली नुक्ता असलेला न बसलाय जो मराठीत कुणी लिहीत नाही. म्हणजे नंबरात नुसती बेरीज करून चालणार नाही. म्हणून आम्ही आपली स्वतःची यादी केली, एका कॉलममध्ये क पासून ह पर्यंत आणि शेवटी ळ, एकूण 34 व्यंजनं. काना मात्रा वेलांटी तूर्त जागच्या जागी ठेवायचं ठरलं.

शीट अशी. वर एका सेलमध्ये मेसेज, त्याखाली मिड वापरून एकेका सेलमध्ये एकेक चिन्ह. (इथं मुलांना पहिल्यांदा दिसलं की कॉम्प्युटरच्या लेखी "टी" म्हणजे दोन चिन्हं, ट वेगळा आणि वेलांटी वेगळी, आणि सुट्टी वेलांटी सेलमध्ये ठिपक्यांच्या गोलावर बसून येते. व्याकरणाच्या तासाला जे सांगून पटत नाही ते असं पटतं.) त्याखालच्या ओळीत मॅच नं अक्षराचा यादीतला नंबर काढायचा, त्यात चावी, म्हणजे अक्षर किती घरं पुढं सरकवायचं तो आकडा, मिळवायची, मॉड नं 34 नं भागून बाकी घ्यायची, इंडेक्स नं त्या नंबरचं अक्षर उचलायचं, आणि जे यादीत नाही ते इफएरर नं जसंच्या तसं खाली उतरवायचं. मॉड समजवायला घड्याळ पुरतं, 11 वाजल्यानंतर तीन तासांनी 14 नाही तर 2 वाजतात. फक्त मॅच एकपासून मोजतं आणि बाकी शून्यापासून येते, तिथं प्रत्येक गट अडकला, एक वजा करून परत एक मिळवायचा हे फळ्यावर तीनदा करावं लागलं.

दुसऱ्या तासाला प्रत्येक गटानं 1 ते 33 मधली एक चावी गुपचूप निवडून चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे दिली. चिठ्ठ्या उघडायच्या आधी विचारलं, 12 गट आहेत, 33 चाव्या आहेत, दोन गटांची चावी सारखी निघायची शक्यता किती? बहुतेकांनी 12 भागिले 33 केलं, म्हणजे साधारण 36 टक्के. मग शीटवर एकाखाली एक मांडलं, पहिल्या गटाला 33 पैकी 33 मोकळ्या, दुसऱ्याला 33 पैकी 32, असं करत बाराव्याला 22, आणि सगळ्यांचा गुणाकार. उत्तर आलं 0.102. म्हणजे सगळ्या चाव्या वेगळ्या असण्याची शक्यता फक्त 10 टक्के, कुठंतरी जोडी जुळण्याची 90. मुलांचा विश्वास बसेना. चिठ्ठ्या उघडल्या तर तीन गटांनी 7 घेतलेला, दोघांनी 11, आणि 32 किंवा 33 कुणीच घेतलेला नाही.

आणि हे 90 टक्के तर तेव्हाचे जेव्हा प्रत्येक जण डोळे मिटून चावी उचलतो. माणसं तशी उचलत नाहीत, 7 आवडतो, 11 आवडतो, म्हणून खरी शक्यता त्याहून वर. यावर मी थांबले आणि एटीएमच्या पिनचा विषय काढला. चार आकडी पिन 10000 होतात, तीन वेळा चुकलं की कार्ड अडकतं असं धरलं तर चोराला 10000 पैकी 3. पण पिन म्हणून जन्मतारीख ठेवली, दिवस आणि महिना, तर तारखा फक्त 366, म्हणजे 366 पैकी 3, साधारण 122 पैकी 1. आणि मग मी विचारलं की घरातल्या आजी-आजोबांचा वाढदिवस कधी असतो. अर्ध्या वर्गातून एकाच वेळी आवाज आला, "1 जून!" पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी 1 जून लावायचे, आणि तीच पुढं सगळ्या कागदांवर, आधारवर, पेन्शनच्या पासबुकावर चालत आली. ज्याच्या कार्डाचा पिन 0106 असेल त्याच्यासाठी ही 122 पैकी 1 ची गोष्टच उरत नाही, पहिल्याच फटक्यात उघडतं. दुसऱ्या दिवशी दोन मुलींनी येऊन सांगितलं की आजीचा पिन बदलून घेतला. या धड्याचा एवढा एक उपयोग झाला असता तरी मला पुरला असता.

तिसरा तास फोडण्याचा. मी फळ्यावर लिहिलं:

शभह्षा गुत्तीप वेत

अपेक्षा अशी की मुलं 33 चाव्या एकेक करून लावतील, शीटवर चावीचा सेल बदलायचा आणि वाचायचं, पाच मिनिटांत जमतं. खिडकीजवळच्या गटातल्या एका मुलीनं माउसला हातसुद्धा लावला नाही. नुसती फळ्याकडे बघत बसली होती आणि म्हणाली, "मॅडम, मधला शब्द सुट्टीत आहे." कसं ते विचारलं तर म्हणे पहिल्या अक्षराला उकार, मग एकच अक्षर दोनदा जोडून, त्याला वेलांटी, पुढं एक साधं अक्षर, असा शब्द शाळेत दुसरा कुठला असणार. स चा ग झालाय, शून्यापासून मोजलं तर 31 चा 2, म्हणजे चावी 5, बाकीचं सरळ: मधल्या सुट्टीत भेट.

ही मुलगी गणितात पुढची नाही. पण तिनं जे केलं त्याला मी संभाव्यतेचं उत्तम उदाहरण मानते, तिनं शक्यता मोजल्या नाहीत तर ज्या शक्य नाहीत त्या खोडून टाकल्या. काना मात्रा तसेच ठेवल्यामुळे शब्दाचा सांगाडा उघडा पडत होता आणि मांस नसलं तरी सांगाड्यावरून जनावर ओळखू येतं.

मग गटांनी एकमेकांना मेसेज पाठवले आणि तिथं या प्रकरणातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट घडली. एका गटाचा मेसेज आला "रुछऱ्का साञाघख". त्यात ऱ आहे बघा. आमच्या 34 च्या यादीत हा ऱ, दऱ्या-खोऱ्यातला, घ्यायचाच राहून गेला होता. चूक माझीच, मूळाक्षरांच्या तक्त्यात तो नसतो म्हणून माझ्याही लक्षात आला नाही. यादीत नाही म्हणून इफएरर नं तो जसाच्या तसा खाली सोडला. समोरच्या गटातला मुलगा ओरडला की ऱ तर खरा आहे, आणि ऱ च्या पुढं य नाहीतर ह च येतो! दुसऱ्या, बऱ्याच, साऱ्या, नाहीतर कुऱ्हाड, गुऱ्हाळ, वऱ्हाड, तऱ्हा. तिसरं अक्षर कुणालाच आठवेना, मलाही नाही.

मी सगळ्यांना थांबवलं. फळ्यावर मांडलं: मेसेज बघायच्या आधी 33 चाव्या, प्रत्येकीची शक्यता 33 पैकी 1. ऱ दिसल्यावर त्याच्या पुढचा क हा मुळात य असेल तर चावी 9, ह असेल तर चावी 2, बाकी 31 चाव्या शून्यावर. मग या दोन चाव्यांना अर्धी-अर्धी शक्यता द्यायची का? वर्ग म्हणाला हो. तो ओरडणारा मुलगाच म्हणाला नाही, ऱ्य वाले शब्द खूप, ऱ्ह वाले थोडे, म्हणून 9 ला जास्त. मी दहा वर्षं शिकवतेय, माहिती मिळाली की शक्यता बदलते हे मला कधी इतकं सरळ सांगता आलं नव्हतं आणि दहावीच्या पुस्तकात ते नाहीच आहे. 2 लावून बघितलं तर "मुङऱ्हा", काहीच्या काही. 9 लावलं तर "दुसऱ्या बाकावर". ऱ दुसऱ्या दिवशी यादीत गेला, यादी 35 ची झाली.

चौथ्या तासाला अक्षरं मोजायची. एखादी भाषा पुरेशी लांब घेतली की तिच्यातली अक्षरं ठराविक प्रमाणात येतात आणि त्यावरून संकेत फुटतो हे बगदादच्या अल-किंदी या विद्वानानं नवव्या शतकात लिहून ठेवलंय. आम्ही विकिपीडियावरचे कोयना धरण, कास पठार, अजिंक्यतारा असे लेख पेनड्राइव्हवर आणले होते, प्रत्येक गटाला एक, आणि काउंटइफ नं तक्ता. काना सगळ्यांत वर, तो कुणाच्याही लेखात हललाच नाही. व्यंजनांत त, य, र, च, न, ल ही मंडळी वरच्या बाजूला आणि ङ, ञ जवळजवळ गायब. पण धरणवाल्या गटाचा तक्ता विचित्र, ध आणि ण उगीचच वर चढलेले. त्यांना वाटलं फॉर्म्युला चुकला. फॉर्म्युला बरोबर होता, त्या लेखात "धरण" हा शब्दच पानोपानी होता. सगळ्या गटांचे आकडे एकत्र केल्यावर ध खाली आला. नमुना कुठून घेतला त्यावर उत्तर अवलंबून असतं हे सांख्यिकीच्या धड्यात मी तोंडानं सांगते, इथं ध नं सांगितलं.

आणि मग मोजणी फसते कधी तेही दाखवलं. "मधल्या सुट्टीत भेट" यात 10 व्यंजनं, त्यातले 3 ट. मराठीत 30 टक्के ट असलेलं पान सापडणार नाही. चावी 5 नं त्या ट चा झालाय त, म्हणजे मोजणीत त पहिला, आणि त तर मराठीत नेहमीच वर असतो! मोजणीवर विश्वास ठेवला तर चावी शून्य निघते, मेसेज बंदच केलेला नाही असं उत्तर येतं. लगेच फाशाची शीट उघडली, रँडबिटवीन (दोन आकड्यांमधला कुठलाही एक आकडा आपोआप टाकणारं फंक्शन) 1 ते 6, आधी 30 सेल. प्रत्येक मशीनवर वेगळंच, एकीकडे सहा 9 वेळा तर शेजारी 2 वेळा. मग तोच फॉर्म्युला 6000 सेलपर्यंत खाली ओढला, आता सगळे आकडे 1000 च्या जवळपास, 960, 1010, 1030. नवे आकडे पाडायला एफ9 दाबत राहिलं तर 30 चा ग्राफ उड्या मारतो आणि 6000 चा नुसता थरथरतो. त्याच मुलांना परत पाच छाप्यांचा प्रश्न विचारला. या वेळी हात थोडे वर गेले, मग एकमेकांकडे बघून खाली आले. नाण्याला मागचं आठवत नाही असं एका मुलीनं शांतपणे सांगितलं.

पाचव्या तासाबद्दल थोडक्यात. सरकपट्टी सोडून पूर्ण उलटापालट केली, 35 अक्षरांच्या शेजारी रँड लावून सॉर्ट केलं की यादी पिसली जाते. 34 अक्षरांच्या किती याद्या होतात ते फॅक्ट नं काढलं तर 2.95 गुणिले 10 चा 38 वा घात, ऱ धरून त्याच्याही 35 पट. मुलांना वाटलं आता कोण फोडतंय. लांब उतारा दिला तर दोन गटांनी तासाभरात फोडला, मोजणी आणि मात्रांचा सांगाडा एवढ्यावर. इथं मी त्यांना महानुभावांची सकळ लिपी सांगितली, पंथाचे मराठी ग्रंथ देवनागरीतल्या अक्षरांच्या जागी दुसरी चिन्हं घालून लिहिलेले होते, कित्येक शतकं ते बाहेरच्यांना वाचता येत नव्हते, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली. लीळाचरित्राचं नाव मुलांना मराठीच्या पुस्तकातून माहीत असतं, पण ते साहित्य अशा कुलपात होतं हे कुणी सांगितलेलं नसतं.

शेवटच्या तासाला प्रश्न आला की मग न फुटणारं काय. आम्ही यादी वाढवली: 35 व्यंजनं, अ पासून औ पर्यंतचे स्वर ऋ धरून 11, त्यांच्या 10 मात्रा, अर्धचंद्राच्या दोन मात्रा, ॲ आणि ऑ, अनुस्वार, विसर्ग, पाय मोडायचं चिन्ह आणि मोकळी जागा. बरोबर 64. आता काना मात्राही सरकणार, सांगाडा राहणार नाही. आणि अक्षरांऐवजी 00 ते 63 असे आकडेच लिहायचे. शिवाय सगळ्यांना एक चावी नाही, प्रत्येक चिन्हाला रँडबिटवीन नं आपली वेगळी चावी, एकदाच वापरायची. मोजणीचा ग्राफ काढला तर सगळे खांब एका उंचीला येऊ लागले. क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञानं 1949 साली छापलेल्या लेखात सिद्ध केलंय की अशी चावी खरोखर यादृच्छिक, म्हणजे कुठल्याही नियमाशिवाय निवडलेली, असेल, मेसेजएवढी लांब असेल आणि परत वापरली नाही तर ती फुटत नाही, कितीही मोठा कॉम्प्युटर आणा. (रँडबिटवीनचे आकडे त्या कडक अर्थानं यादृच्छिक नसतात, तेही सांगितलं.)

एका गटानं 20 चिन्हांचा मेसेज बंद केला, आकडे वहीत उतरवले आणि शेजारच्यांना दिले. मग चावी उतरवायला शीटकडे वळले, एका सेलमध्ये काहीतरी टाइप करून एंटर दाबलं आणि चाव्यांचा अख्खा कॉलम बदलला. रँडबिटवीन प्रत्येक एंटरला नवे आकडे टाकतं, आधी कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून नुसते आकडे चिकटवायचे असतात, हे मी सांगितलं होतं पण घाईत, पुढच्या वेळी ते पहिल्याच तासाला करून घेणार आहे. चावी गेली ती गेलीच, अनडू केलं तरी पुन्हा नवेच आकडे.

टाइप करणारा मुलगा रडवेला झाला होता. शेजारच्या गटानं सोडलं नाही, तासभर लावून बघितलं. त्यांना एक चावी अशी सापडली की मेसेजचं वाक्य अर्थपूर्ण येतं, मग त्यांच्याच लक्षात आलं की दुसऱ्या चावीनं दुसरं वाक्यही तेवढंच अर्थपूर्ण येतं, 20 चिन्हांचं मराठीतलं कुठलंही वाक्य घ्या, त्याला बसणारी एक चावी असतेच, आणि 64 च्या 20 व्या घाताएवढ्या सगळ्या चाव्यांची शक्यता सारखीच. लाइट गेली तरी ते वहीवर वजाबाक्या करत बसले होते. शेवटी मी त्या मुलाला विचारलं, बाळा, मेसेज काय होता ते तू सांगून टाक. तो म्हणाला, सांगितलं तरी तो खरा आहे हे तुम्हाला कसं कळणार मॅडम.